पेशंट तयार नसताना

व्यसनमुक्ती केंद्रांत येणारे बरेचसे पहिले फोन व्यसनी माणसाचे नसतात. बायकोचे असतात, आईचे असतात, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणीचे असतात. प्रश्न बहुधा एकच असतो : "ते यायला तयार नाहीत. तुमची माणसं येऊन घेऊन जातील का?" हा फोन लावण्याआधी त्या घराने खूप काही करून पाहिलेलं असतं. नवस झालेले असतात, गळ्यात माळ घालून झालेली असते, पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलेली असते, पगार बायकोच्या हातात द्यायचा असं ठरून ते मोडलेलं असतं. आणि एकदा तरी घरात बैठक झालेली असते.

ही बैठक घरोघर साधारण एकाच वळणाने जाते. मोठे काका, मामा, सासरकडचं कुणी वडीलधारं, कधी पोलीस खात्यातला एखादा चुलतभाऊ. त्याला मध्ये बसवतात. आधी समजुतीचे शब्द, मग आवाज चढतो आणि मागचं सगळं उकरलं जातं : गहाण पडलेले दागिने, बहिणीच्या लग्नात घातलेला गोंधळ, वडिलांच्या औषधाचे उडवलेले पैसे. तो मान खाली घालून ऐकतो, शेवटी रडतो आणि उद्यापासून थेंबालाही शिवणार नाही म्हणतो. सगळ्यांना हायसं वाटतं, चहा होतो, पाहुणे आपापल्या गाडीला लागतात. आठ-पंधरा दिवसांत तो पुन्हा पितो. आता शपथ मोडल्याची लाजही त्याच्या पाठीवर असते, आणि ती लाज विसरायला त्याला एकच उपाय ठाऊक असतो.

त्या बैठकीत माया असते, धाकही असतो. पण उद्या सकाळी नेमकं कुठे जायचं, कोणाला भेटायचं, हात थरथरायला लागले तर काय करायचं आणि तो नाही म्हणाला तर घर काय करणार, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर कोणाकडे तयार नसतं. ही उत्तरं घराकडून आधी तयार करून घेणं हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे. असा माणूस आपल्या जिल्ह्यात, आपल्या भाषेत बोलणारा, कसा शोधायचा हे पुढे येईलच. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकायला हवी. पेशंट तयार होईपर्यंत काहीच करता येत नाही, हा समज चुकीचा आहे. घरच्यांनी आधी स्वतः समुपदेशकाकडे जावं. उपचार तिथून सुरू होऊ शकतात.

हे किती घरांना लागू पडतं, त्याचा अंदाज केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातून येतो. देशातल्या 10 ते 75 वयोगटातले 14.6 टक्के लोक दारू पितात आणि सुमारे 5.2 टक्के, म्हणजे जवळपास पावणेसहा कोटी लोकांचं पिणं उपचारांची गरज भासावी इतकं हाताबाहेर गेलेलं आहे. दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 जणांपैकी एकालाच कसलेतरी उपचार मिळाल्याचं दिसलं, आणि दाखल होऊन उपचार घेणारा तर 180 जणांत एक. म्हणजे 'तो तयार नाही' ही एखाद्या घराची नामुष्की नव्हे. बहुसंख्य घरं तिथेच अडकलेली आहेत. याच सर्वेक्षणात पुरुषांमध्ये दारू पिण्याचं प्रमाण 27.3 टक्के आणि बायकांमध्ये 1.6 टक्के निघालं, म्हणून या लेखात 'तो' असं लिहिलं आहे. घरातली बाई पिते तेव्हा घर ते अधिक कसोशीने लपवतं आणि मदत अधिक उशिरा मागतं, हे मात्र ध्यानात असू द्यावं.

कुटुंबाने एकत्र बसून व्यसनी माणसाला उपचारांकडे वळवायचं, या गोष्टीला शास्त्रशुद्ध बैठकीचं रूप दिलं ते अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या व्हर्नन जॉन्सन यांनी. ते धर्मगुरू होते आणि स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले होते. माणूस पार तळाला गेल्याखेरीज सुधारत नाही, अशी तेव्हा सार्वत्रिक समजूत होती. जॉन्सन म्हणाले, तळ गाठेपर्यंत थांबायचं कशाला, तळच वर उचलू या. 1973 साली त्यांचं पुस्तक आलं आणि ही पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. घरच्यांनी समुपदेशकाबरोबर आधी तयारी करायची, प्रत्येकाने आपलं म्हणणं लिहून आणायचं, दाखल होण्याची सोय आधीच करून ठेवायची आणि मग त्याला समोर बसवून प्रेमाने, पण ठामपणे, सगळं मांडायचं. सिनेमांत आणि मालिकांत दिसते ती हीच बैठक, फक्त तिथे तयारीचे आठवडे गाळलेले असतात.

मग या पद्धतीची कसोटी लागली. न्यू मेक्सिको विद्यापीठातले विल्यम मिलर, रॉबर्ट मायर्स आणि त्यांचे सहकारी यांनी 130 नातेवाइकांवर केलेला अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्यांच्या घरात दारू पिणारं कुणीतरी होतं आणि ते उपचारांना ठाम नकार देत होतं. नातेवाइकांचे तीन गट केले. एका गटाला दारुड्यांच्या नातेवाइकांसाठी असलेल्या अ‍ॅल-अ‍ॅनॉन या स्वमदत गटाच्या वाटेने नेलं, दुसऱ्याला जॉन्सन यांच्या बैठकीची तयारी करून दिली, तिसऱ्याला मायर्स यांनी विकसित केलेली 'क्राफ्ट' नावाची पद्धत शिकवली. पहिल्या गटातल्या 13 टक्के घरांतला पिणारा उपचारांना आला, दुसऱ्यातल्या 30 टक्के आणि तिसऱ्यातल्या 64 टक्के. बैठकीच्या गटातला तपशील मला सगळ्यांत बोलका वाटतो. ज्यांनी प्रत्यक्ष बैठक घेतली त्यांच्यातल्या बहुतेकांना यश आलं, पण दहांतल्या सात घरांनी ती घेतलीच नाही. ऐनवेळी धीर झाला नाही. आपल्या माणसाला सगळ्यांसमोर उभं करायचं, हे अमेरिकेतल्या घरांनाही जड गेलं. सासू-सासरे, दीर-नणंदा एका छपराखाली राहणाऱ्या घराला ते किती जड जाईल याची कल्पना करावी.

क्राफ्ट पद्धतीत एक मोठी बैठक नसते. पिणाऱ्याच्या सगळ्यांत जवळच्या माणसाला, बहुतेक वेळा बायकोला किंवा आईला, काही आठवडे शिकवलं जातं. तो कधी पितो, कोणाबरोबर, त्याआधी घरात काय घडलेलं असतं, प्यायल्यावर त्याला काय मिळतं, याची आधी बारकाईने नोंद करायची. मग आपल्या वागण्याकडे पाहायचं. इथे आपल्याकडच्या घरांतली एक उलटी रीत उघडी पडते. तो पिऊन येतो त्या रात्री घर त्याच्या सेवेला लागतं : बूट काढले जातात, लिंबूपाणी दिलं जातं, ओकारी पुसली जाते, सकाळी कामावर फोन करून 'ताप आहे' असं सांगितलं जातं, कोपऱ्यावरची उधारी आई गुपचूप भागवते. आणि ज्या संध्याकाळी तो न पिता येतो, त्याच संध्याकाळी घर आठवड्याभराचा राग काढतं, कारण बोलायला तेवढीच वेळ मिळते. क्राफ्टमध्ये हे उलटवायला शिकवतात. न प्यायलेल्या संध्याकाळी आवडीचं जेवण, मुलांबरोबर बाहेर जाणं, दोन शब्द चांगले. प्यायलेल्या रात्री बोलणं बंद, सेवा बंद. जीव धोक्यात नसेल तर पिण्याचे परिणाम त्याच्या वाट्याला जाऊ द्यायचे. सकाळी साहेबांना फोन त्याचा त्यानेच करायचा.

सांगायला हे सोपं वाटतं, पण करताना काळीज लागतं. म्हणूनच बाजूला बसून दर आठवड्याला 'या वेळी काय झालं?' असं विचारणारा माणूस हवा. बोलण्याची भाषासुद्धा तिथेच शिकायची असते. "तुम्हाला घराचं काही पडलेलंच नाही" हे वाक्य रोज बोललं जातं आणि वाया जातं. "काल तुम्ही न पिता आलात, पोरगी तुमच्याजवळ बसून जेवली, मला फार बरं वाटलं" हे वाक्य बहुतेक घरांत कित्येक वर्षांत बोललं गेलेलं नसतं. आणि मग संधी येते. कावीळ होते, गाडी घसरते, कामावरून नोटीस येते किंवा तो स्वतःच कधी सकाळी म्हणतो की आता कंटाळा आला. त्या क्षणी एकच छोटं वाक्य तयार हवं : "मी ज्यांच्याकडे जाते त्या डॉक्टरांना एकदा भेटाल का? मी बरोबर येते." आणि भेटीची वेळ त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी मिळायला हवी. चार दिवसांनी ती संधी राहत नाही. समुपदेशक जवळच्या गावातला का असावा, याचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे.

आता असा माणूस शोधायचा कुठे? आधी कोण कोण असतं ते पाहू, कारण पाट्यांवरची नावं गोंधळात टाकतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. या तिघांत औषधं हाच देऊ शकतो, आणि दारूच्या व्यसनात औषधांची गरज अनेकदा लागते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ डॉक्टर नसतो. त्याने एम. फिल.सारखं व्यावसायिक प्रशिक्षण घेतलेलं असतं आणि त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नये, खरा माणूस तो लगेच सांगतो. उरलेले बहुतेक 'समुपदेशक'. त्यांत मानसशास्त्रात एम. ए. केलेले असतात, समाजकार्याची एमएसडब्ल्यू पदवी घेतलेले असतात, आणि स्वतः व्यसनातून बाहेर पडून नंतर प्रशिक्षण घेतलेलेही असतात. 2021 मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीचा कायदा झाला, तरी कुणीही समुपदेशकाची पाटी लावावी ही स्थिती अजून पुरती बदललेली नाही. म्हणून पाटीपेक्षा प्रशिक्षण कुठे झालं आणि कोणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे विचारणं महत्त्वाचं.

पदवी कमी म्हणजे काम कमी, असंही मात्र नाही. गोव्यात 'संगत' या संस्थेने साध्या, स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या लोकांना नेमकं प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारू पिणाऱ्यांशी बोलायला बसवलं. त्या अभ्यासाचे निष्कर्ष 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. घातक प्रमाणात पिणाऱ्या 377 पुरुषांपैकी ज्यांना या समुपदेशकांच्या काही भेटी मिळाल्या त्यांच्यातले 36 टक्के तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीखाली आले होते, नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांतले 26 टक्के. पूर्ण बंद केलेले 42 टक्के विरुद्ध 18 टक्के. यांच्यात दारूच्या पूर्ण आहारी गेलेले घेतलेले नव्हते, त्यांना डॉक्टर लागतोच. पण गावातलाच, गावची बोली बोलणारा, पद्धत पाळणारा माणूस किती उपयोगी पडतो हे त्यातून कळतं.

महाराष्ट्रात सुरुवात करायला चांगली जागा म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तिथे मानसोपचारतज्ज्ञाबरोबर मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक यांची पदं असतात. ती सगळी सगळीकडे भरलेली असतातच असं नाही, पण केसपेपर काढून विचारायला खर्च नगण्य येतो, आणि बाहेरचा कोण चांगला आहे हे तिथल्या समाजसेवकाला नेमकं ठाऊक असतं. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग आणि गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था ही दुसरी दारं. 'वेड्यांचं हॉस्पिटल' म्हणून तिकडे पाऊल टाकायला लोक कचरतात. बाह्यरुग्ण विभागात दहा मिनिटं बसून पाहिलं तर तिथे आपल्यासारखीच माणसं आपल्यासारख्याच चिंता घेऊन आलेली दिसतात.

संस्थांमध्ये पुण्याच्या मुक्तांगणचं नाव आधी येतं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ते सुरू केलं. तिथे घरच्यांचंही वेगळं समुपदेशन होतं आणि रुग्णांच्या पत्नींचा स्वतंत्र गट चालतो. मुंबईत फादर जो परेरा यांची कृपा फाउंडेशन 1981 पासून काम करते आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये उभी केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'च्या पुढाकाराने 2016 पासून 'मुक्तिपथ' चालू आहे, त्यात तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचार क्लिनिक आणि गावोगाव शिबिरं होतात. तुम्ही यांच्यापासून लांब राहत असलात तरी फोन करावा. या संस्थांतून शिकून गेलेले कार्यकर्ते राज्यभर पसरलेले आहेत आणि आपल्या भागातलं नाव मिळू शकतं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस आणि अ‍ॅल-अ‍ॅनॉन यांच्या मराठी सभा अनेक शहरांत भरतात, फी नसते, नाव विचारत नाहीत. तिथल्या जुन्या सभासदांइतकी खरी शिफारस दुसरीकडे मिळणं अवघड. याखेरीज सरकारच्या दोन निःशुल्क दूरध्वनी सेवा आहेत : मानसिक आरोग्यासाठी ऑक्टोबर 2022 पासून सुरू झालेली टेली-मानस, क्रमांक 14416, आणि व्यसनमुक्तीसाठी 14446.

नावं हाती आली की फोनवरच काही गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिला प्रश्न हाच : "पेशंट येणार नाही, फक्त आम्ही आलो तर चालेल का?" 'त्यांना घेऊनच या' असं उत्तर आलं तर दुसरं दार ठोठावा. व्यसनी माणसांच्या कुटुंबांबरोबर किती काळ काम केलं आहे, डॉक्टर कोण जोडलेले आहेत, आणि दाखल करायची वेळ आली तर कुठे पाठवता, हे विचारा. त्या केंद्राकडून तुम्हाला काही मोबदला मिळतो का, हेही विचारा. प्रश्न अवघड वाटतो, पण विचारायलाच हवा. पेशंट पाठवण्याचे पैसे घेणारा माणूस घराला बैठकीपेक्षा दाखल करण्याकडेच ढकलतो. मी एकटीने सांगितलेलं सासूबाईंना कळेल का, हाही साधा वाटणारा पण फार महत्त्वाचा प्रश्न आहे. लहान गावात डॉक्टर, औषधवाला आणि शेजारी एकमेकांना ओळखतात, म्हणून अनेक बायका मुद्दाम शेजारच्या तालुक्याला जातात. त्यात वावगं काही नाही. फोनवर किंवा व्हिडिओवर भेटी चालतात, फक्त बोलताना घरात दुसरं कुणी ऐकत नसावं.

चांगला समुपदेशक पहिल्या भेटीत तुम्हाला रागावत नाही आणि त्यालाही शिव्या घालत नाही. 'चांगला दम देणारा माणूस हवा' असं म्हणत घरची माणसं कडक समुपदेशक शोधतात. वर आलेल्या मिलर यांचाच 1993 चा एक अभ्यास याविरुद्ध सांगतो : समुपदेशकाने पिणाऱ्याला जितकं धारेवर धरलं, तितकं वर्षभरानंतर त्याचं पिणं जास्त आढळलं. दम द्यायला काका-मामा पुरेसे असतात. इथे दुसरं काही मिळायला हवं.

दोन सापळ्यांबद्दल मात्र सबुरीची भाषा नको. पहिला, 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' अशी जाहिरात करणारी पुडी. अशा पुडीत काय आहे ते सांगितलेलं नसतं. कधी घरचेच दुकानातून डायसल्फिराम आणून भाजीत मिसळतात. डायसल्फिराम हे खरं औषध आहे, 1940 च्या दशकाच्या शेवटी डेन्मार्कमध्ये त्याचा हा उपयोग ध्यानात आला. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा तापतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय किंवा यकृत नाजूक असेल तर जीव जाऊ शकतो. माणसाला पूर्ण माहिती देऊन, तपासण्या करून, त्याच्या संमतीनेच ते द्यायचं असतं. न सांगता देणं म्हणजे विषप्रयोगच, आणि ते उघडकीला आलं की त्या घरातल्या ताटावरचा विश्वास कायमचा जातो.

दुसरा सापळा म्हणजे उचलून नेणारी गाडी. रात्री चार दांडगे लोक येतात, हातपाय धरून गाडीत घालतात, घराला वाटतं सुटलो. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मे 2018 मध्ये लागू झाला आणि दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था त्याच्या कक्षेत येतात. संमतीशिवाय दाखल करण्याची वाट त्याच्या कलम 89 मध्ये आहे, पण ती अरुंद आहे. माणूस नुकताच स्वतःच्या जिवावर उठलेला असावा, दुसऱ्यावर हिंसा केलेली असावी किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या पलीकडे गेलेला असावा. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरे एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक यांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेलं असावं, नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज असावा. असं दाखल करणं 30 दिवसांपर्यंतच असतं आणि पेशंटला पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. साखळदंडांनी बांधण्याला कलम 95 ने बंदी आहे. केंद्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेलं आहे का, तिथे रोज डॉक्टर येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे पाहिल्याशिवाय कोणाच्याही हातात माणूस देऊ नये. जबरदस्तीने नेलेला माणूस परत येतो तेव्हा पहिला हिशेब घराशीच करतो, हे अनेक कुटुंबांनी सोसलं आहे.

इतकं सगळं करूनही काही घरांत बैठकच घ्यावी लागते. त्याची प्रकृती झपाट्याने ढासळत असते किंवा क्राफ्टला लागणारे आठवडे हातात नसतात. तेव्हा समुपदेशकाबरोबर निदान दोन-तीन वेळा बसून तयारी करावी. माणसं चार-पाच पुरे. प्रत्येकाचा त्याच्याशी प्रेमाचा एखादा धागा असावा. ज्याच्याबद्दल त्याच्या मनात जुना डूख आहे, मग तो घरातला सगळ्यात मोठा का असेना, त्याला बाहेर ठेवावं. आपल्याकडे हेच सर्वांत अवघड जातं, कारण मोठ्यांना वगळणं म्हणजे त्यांचा अपमान. ही गोष्ट सासऱ्यांना किंवा काकांना घरच्या सुनेने सांगू नये, समुपदेशकाने सांगावी. त्यासाठीच बाहेरचा माणूस असतो. स्वतः रोज पिणारा मेहुणाही नको. लहान मुलांना बसवावं की नाही यावर मतभेद आहेत, माझं मत विचाराल तर बसवू नये.

प्रत्येकाने आपलं म्हणणं लिहून आणावं आणि आधी एकदा मोठ्याने वाचून पाहावं. त्यात आठवण असावी, पाहिलेला प्रसंग असावा, तो तारखेवारासकट असावा, आणि शेवटी एक विनंती. 'नेहमीच', 'कधीच' हे शब्द समुपदेशक लाल पेनाने खोडतात. वेळ सकाळची, तो शुद्धीत असतानाची, पगाराच्या दिवसापासून लांबची. दवाखान्यात जागा ठरलेली, पिशवी भरलेली, गाडी दाराशी. तो नाही म्हणाला तर कोण काय करणार हेही आधीच ठरलेलं. पण पाळता येईल एवढंच बोलावं. 'माहेरी निघून जाईन' हे वाक्य जी बाई उद्या अमलात आणू शकत नाही तिने ते उच्चारू नये. 'यापुढे उधारी मी फेडणार नाही' हे पाळता येतं.

वैद्यकीय बाजूचं एकच सांगायला हवं, पण ते जिवावरचं आहे. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने बैठकीत भावनेच्या भरात त्याच दिवसापासून दारू तोडली, तर काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, माणसाला नसलेली माणसं आणि किडे दिसतात, आणि ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. म्हणून 'घरात कोंडून ठेवू, चार दिवसांत उतरेल' हा उपाय करू नये. बंद करण्याचा पहिला आठवडा डॉक्टरांच्या औषधाखालीच गेला पाहिजे.

आणि जिथे मारहाण होते त्या घरात बैठक घेऊ नये. सगळ्यांसमोर कोंडीत पकडलेला माणूस रात्री दार लावल्यावर त्याचा सूड कोणावर घेतो, हे त्या घरातल्या बाईला पक्कं ठाऊक असतं. तिथे आधी सुरक्षितता : 112 किंवा महिलांसाठीचा 181, जिल्ह्यातलं 'सखी' केंद्र, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी. व्यसनावरचा उपचार त्यानंतर. पहिल्याच भेटीत 'घरात हात उचलला जातो का?' असं एकांतात न विचारणारा समुपदेशक मला तरी अपुरा वाटतो.

सांगलीत आई-वडील आणि पिणारा भाऊ, आणि मुलगी न्यू जर्सीत किंवा मुलगा दुबईत, अशीही आता कितीतरी घरं आहेत. पैसे देणारा लांब असतो म्हणून निर्णयही तोच घेऊ लागतो, रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर समजूत घालतो आणि फोन ठेवतो. पुढचे बारा तास निस्तरते ती वहिनी. लांबच्या माणसाने समुपदेशकाची फी भरावी, एखाद्या सत्रात व्हिडिओवर बसावं आणि जवळच्या माणसाने ठरवलेलं मोडू नये. तिने उधारी थांबवली असताना परदेशातून गुपचूप पैसे पाठवणं म्हणजे तिचे सगळे कष्ट मातीत घालणं.

तो नाही म्हणण्याची शक्यता प्रत्येक वेळी धरूनच चालावं लागतं. क्राफ्टच्या त्या अभ्यासातही 36 टक्के घरांतला माणूस शेवटपर्यंत आला नाही. पण तिन्ही गटांतल्या नातेवाइकांची स्वतःची उदासी आणि चिडचिड कमी झाली होती, तो आला असो वा नसो. म्हणून बैठकीचा किंवा विचारण्याचा दिवस ठरवतानाच समुपदेशकाकडची पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन ठेवावी, आणि ती स्वतःच्या नावाने घ्यावी. तो आला तर त्याच्या दाखल होण्याचं, औषधांचं, कामावरच्या रजेचं बोलणं तिथे होईल. नाही आला तर न झोपलेल्या रात्रींचं, दहावीत बसलेल्या मुलाचं आणि घरखर्चाचं बोलणं होईल. दोन्ही बोलणी तितकीच तातडीची आहेत, आणि दुसरं बोलणं तर आजही सुरू करता येतं.